काठाला धरलेली मुळं

फुलाला वास येईनासा झाला, तेव्हा हेमांगीताईंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

त्यांनी पुन्हा एकदा पाकळीला नाक लावलं. दांड्यावर ओळीनं बसलेली पांढरी फुलं आता उडतील की मग उडतील अशी दिसत होती, दिव्याभोवती जमणाऱ्या पतंगांसारखी. पानं टवटवीत. पारदर्शक कुंडीतून दिसणारी मुळं हिरवीगार. रोपाला खोट म्हणून नव्हती. वास मात्र नाही म्हणजे नाही.

शेजारच्या पाळण्यात त्यांची नात रेवा गाढ झोपली होती. वास उडालेलं फूल उशाशी ठेवून पोर एवढी शांत कशी झोपते, हे काही त्यांना उमगेना.

हे रोप घरी आलं ते रेवा कुशीत घेऊन झोपवायच्या वयाची असताना. सून गार्गी पठारावरच्या पवनचक्क्यांची देखभाल करायची. आठवड्यातले चार दिवस तिला वरच राहावं लागे, कारण एवढ्या उंच मनोऱ्यावर चढून पंख तपासायचं काम अजून कुठल्या यंत्राला धड जमत नव्हतं. बाळंतपणाची सुट्टी संपत आली तशी तिच्या जिवाची घालमेल सुरू झाली. तेव्हा साताऱ्यातच काय, सगळीकडेच 'मायगंध'ची टूम निघाली होती. मेढ्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून मुलगा निहार ते रोप घेऊन आला, आणि नर्सरीतली ऋजुता ते कसं वागवायचं हे शिकवायला घरी येऊन गेली. पोरगी हुशार होती. हेमांगीताईंना समोर बसवून तिनं सगळं नीट फोड करून सांगितलं.

तान्ह्या बाळाला दिसतं अंधुक, पण आईचा वास ते जन्मल्यापासून ओळखतं. अंधारातही त्या वासाकडे मान वळवतं. आता ऑर्किडचं बघा. हे झाड मातीत उगवत नाही. रानात ते दुसऱ्या झाडाच्या खोडाला धरून राहतं आणि मुळं हवेत सोडतं. त्या मुळांवर कागदासारखं पांढरट, पोकळ आवरण असतं. स्पंज जसं पाणी ओढतो, तसं ते आवरण हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याच्याबरोबर हवेत तरंगणारे वासाचे कणही. ऋजुताच्या प्रयोगशाळेनं दोन जातींचा संकर केला होता. एक महिनोन्‌महिने फुलणारी, पण बिनवासाची. दुसरी लहान फुलांची, पण सुवासिक. त्यात एक जनुक असं बसवलं की मुळांनी ओढलेला वास फुलानं जसाच्या तसा तयार करावा. बाळाच्या आईनं अंगावर वापरलेली सुती पट्टी मुळांना गुंडाळायची. दांड्यावर कळी धरेपर्यंत रोप शिकत राहतं. कळी धरली की शिकणं संपलं. फूल उमलतं ते आईचा वास घेऊनच.

"आमची आई बाळंतिणीची वापरलेली साडी पाळण्यात घालायची," हेमांगीताई म्हणाल्या होत्या. "त्यात आणि ह्यात फरक काय?"

"साडीचा वास दोन दिवसांत उडतो, काकू. हा दोन महिने टिकतो."

जाताना ऋजुतानं आणखी एक गोष्ट बजावली होती. दांड्यावर कधीकधी पिल्लं धरतात, छोटी छोटी रोपंच. ती ठेवायची नाहीत, खुडून टाकायची.

पहिला बहर कार्तिकात आला. गार्गी कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात. हेमांगीताईंनी वास घेतला आणि अंगावर काटा आला. दुधाचा, खोबरेल तेलाचा, किंचित मशीनच्या तेलाचा वास. गार्गी जणू पाठीशी उभी होती. रेवा फुलाकडे बघून बोळकं पसरून हसायची.

तो बहर झडल्यावर हेमांगीताईंनी दांडा पेरावरच्या डोळ्याच्या वर कापला. साताऱ्याच्या थंडीचा गारवा लागला आणि नवा फाटा फुटला. आता हा फुललेला बहर दुसरा. आणि ह्याला वास नव्हता.

वरच्या मजल्यावरची तेजल तेवढ्यात विरजण मागायला आली. कडेवर तिचा कबीर, नुकता मान धरू लागलेला.

"बघ गं, तुझं नाक तरुण आहे," हेमांगीताईंनी तिला फुलापुढे उभं केलं. "वास गेलाय की नाही?"

तेजलनं नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. "गेलाय कुठला? घमघमतंय की, काकू!"

"कशाचा गं?"

"आता कसं सांगू..." तेजल ओशाळं हसली. "तुमचा."

"माझा? म्हणजे काय?"

"म्हणजे तुमचाच. थोडा चंदनाच्या साबणाचा, थोडा फोडणीचा, आणि मग... तुमचा. डोळे मिटले तर वाटेल, हेमाकाकू इथेच मटार सोलत बसल्यात."

तिच्या कडेवरचा कबीरही फुलाकडे टक लावून बघत होता.

ती गेल्यावर हेमांगीताई कुंडीपुढे येऊन बसल्या. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही. नाक नव्या वासाची वर्दी देतं. जो वास रात्रंदिवस सोबत असतो त्याची दखल घेणं मेंदू सोडून देतो. म्हणून तर त्यांना फूल बिनवासाचं वाटलं होतं. घरात मुरलेला त्यांचा वास निहार-गार्गीलाही वेगळा जाणवला नसता.

मग त्यांनी दांडा निरखून बघितला, आणि उलगडा झाला. नर्सरीनं दिलेली प्लॅस्टिकची चिमटी दांड्याला काचत होती. ती काढून त्यांनी फाटा काडीला बांधला होता तो आपल्या जुन्या साडीच्या काठानं. मऊ, धुऊन धुऊन सूत लोण्यासारखं झालेला काठ. जाईचा वेल असो की टोमॅटोचं रोप, त्यांच्या घरात सगळं साडीच्या काठानंच बांधायची रीत. झाडाला काचू नये म्हणून. पाणी फवारताना तो काठही भिजायचा, आणि रोपाची हवेतली मुळं वळत वळत येऊन त्याला बिलगली होती. आता कुठे काठ संपतो आणि कुठे मूळ सुरू होतं, हे सांगणं कठीण होतं. रोप एकदा शिकलं की झालं, असं त्या समजून चालल्या होत्या, म्हणून पहिल्या बहरानंतर गार्गीची पट्टी पुन्हा बांधलीच नव्हती. ते दर दांड्याला नव्यानं शिकत होतं.

त्यांनी कात्री आणली. काठ कापायचा, गार्गीची पट्टी बांधायची, हा बहर खुडायचा. एवढंच तर होतं.

पाळण्यात रेवा जागी झाली. आजीला बघितलं आणि दोन्ही हात पसरून, अख्ख्या अंगानं त्यांच्याकडे झेपावली. बाळ झेपावतं तेव्हा त्याचा सगळा भार, सगळा विश्वास आपल्यावर येऊन पडतो. हेमांगीताईंचे पती जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याकडे बघून असं झेपावणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

कात्री शिवणाच्या डब्यात परत गेली. 'मी काय परकी आहे?' त्यांनी स्वतःलाच विचारलं. 'आजीच आहे ना मी तिची?'

पुढच्या वेळी गार्गी पठारावरून उतरली ती बाहेरूनच हाका मारत. "रेवुडी! माझी चिमणी कुठाय?"

तिनं उचलल्याबरोबर रेवा धनुष्यासारखी ताठ झाली आणि किंचाळली. गार्गीनं तिला छातीशी धरलं, थोपटलं, गाणं म्हटलं. किंकाळ्या वाढतच गेल्या.

"वर वारा खाऊन आलीयस," निहार म्हणाला. "तिला वाटलं, पवनचक्कीच आली घरात."

कोणी हसलं नाही.

"ग्रीसचा वास येत असेल. मी आंघोळ करून येते." गार्गी नखं घासघासून आली. पुन्हा तेच. शेवटी हेमांगीताईंनी हात पुढे केले. रेवा त्यांच्या खांद्यात नाक खुपसून गप्प झाली, जणू नळ बंद केला.

गार्गी ओल्या केसांनी तशीच उभी राहिली. "आई, ती मला ओळखत नाहीये."

"अगं, लहान आहे ती. येईल हळूहळू."

हे म्हणताना हेमांगीताईंनी खाली बघितलं. छातीत एक लबाड समाधान होतं, चोरून खाल्लेल्या साखरेसारखं, आणि ते आपल्या डोळ्यांत दिसेल अशी त्यांना भीती वाटली.

त्या महिन्यात गार्गीचं दूध आटलं.

चैत्रात दांड्यावर पिल्लं धरली. एक नाही, दोन नाही, प्रत्येक डोळ्यावर एकेक. इवली इवली पानं, बोटभर पांढरी मुळं. खुडून टाका, असं ऋजुता म्हणाली होती खरी. पण जिवंत पिल्लू कचऱ्यात कोण टाकतं? रोप मागायला आलेल्याला नाही म्हणू नये, दिल्यानं झाड वाढतं, हेच तर त्या ऐकत आल्या होत्या. इमारतीत त्या वर्षी पाळणेही बरेच हलले होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं झाल्यावर त्यांनी प्रत्येक लेकुरवाळीच्या ओटीत हरभऱ्यांबरोबर एक पिल्लू घातलं. शेवाळात गुंडाळून, तळाशी कोळसा आणि झाडाच्या सालीचे तुकडे टाकून.

"आपली पट्टी बांधायची हं मुळांना," त्या प्रत्येकीला सांगत होत्या. "आणि पाणी गाभ्यात पडू द्यायचं नाही, कुजतो."

"काकू, एवढं महागाचं!" तेजलचे डोळे भरून आले.

"घे गं. लागू दे."

सगळी लागली. एकही मेलं नाही. खरं तर तिथेच त्यांना शंका यायला हवी होती.

श्रावणात भाचीच्या मंगळागौरीला त्या कराडला गेल्या आणि मुक्काम वाढला. जिवाला घोर रेवाचा. रडून रडून घसा बसला असेल. घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी विचारलं, "फार त्रास दिला का रे?"

"छे," निहार म्हणाला. "कुंडीशेजारी अंथरूण घातलं की झालं. तुझी आठवणसुद्धा काढली नाही."

रेवा पुन्हा फुललेल्या कुंडीपाशी बसली होती. तिनं वळून बघितलं नाही. हेमांगीताई अगदी जवळ जाऊन टेकल्या, तेव्हा ती न बघताच सरकली आणि पदरात नाक घालून बसली. इतक्या दिवसांनी आजी आली, पण पोरीनं तोंड वर करून बघितलं नाही. त्यांना काहीतरी टोचलं, आणि काय टोचलं ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

गणपतीत तेजलकडचं रोप फुललं. "काय गंमत बघा, काकू, मी माझी पट्टी बांधली होती, तरी तुमचाच वास!" ती हसत सांगत होती. मग बाकीच्यांकडेही फुललं. जिन्यातून हेमांगीताई चालल्या की आईच्या कडेवरची मुलं त्यांच्याकडे अंग टाकू लागली. आधी सगळ्या जणी हसल्या. "काकूंनी जादू केलीय!" दिवाळीपर्यंत हसू ओसरलं. एकदा कबीरला त्यांच्याकडून परत घेताना तेजलला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्यानंतर काकू येताना दिसल्या की ती दार लोटून घेऊ लागली.

आणि एका दुपारी गार्गी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"आई, मी राजीनामा देतेय."

"अगं, पण तुझं काम..."

"काम कसलं घेऊन बसलात? माझी मुलगी मला बघून भिंतीकडे सरकते. आजवर मी तिला किती वेळ दिला? माझंच चुकलं." तिचा आवाज कोरडा होता. रडून झाल्यावर होतो तसा. "तुम्ही होतात म्हणून निभावलं. तुमचे उपकार कसे फेडू मी?"

सांगायचं होतं तर तेव्हाच. शब्द जिभेवर आले होते. पण गार्गीनं वाकून त्यांना नमस्कार केला, आणि नमस्कार करणाऱ्याला असं काही कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी त्या मेढ्याच्या रस्त्याला लागल्या.

नर्सरीच्या काचघरात ऋजुता ओळीनं मांडलेल्या बाटल्या तपासत होती. बाटल्यांत जेलीवर मोहरीएवढी रोपं उगवलेली. हेमांगीताईंनी सगळं सांगितलं. काठ, बहर, पिल्लं. ऐकता ऐकता ऋजुतानं हातातली बाटली खाली ठेवली.

"पिल्लं वाटलीत?"

"मोठं रोप दर दांड्याला नवं शिकतं. मग पिल्लं का नाही शिकली?"

"मोठं रोप कोऱ्या पाटीसारखं असतं, काकू. पुसता येतं. पिल्लू दांड्यावर जन्मतं तेच लिहिलेली पाटी घेऊन. ते पुन्हा शिकत नाही. आणि त्याच्या पिल्लांतही तोच वास उतरतो. का खुडायचं, हे तेव्हा आम्हालाही नीट माहीत नव्हतं. नुसतं खुडा म्हणून सांगायचो."

"एकही मेलं नाही गं. सगळी लागली."

"मरणारच नाहीत." ऋजुतानं स्टूल ओढून त्यांना बसवलं. "एक ऑर्किड असं आहे, की ते मादी गांधीलमाशीचा वास काढतं. नर भुलून येतो. मध नाही, काही नाही. पराग अंगाला लागतात, ते घेऊन पुढच्या फुलावर जाऊन पुन्हा फसतो. फुलाला माशीशी देणंघेणं नसतं, आपलं काम होण्याशी असतं. आम्ही काय केलं? विक्रीआधी बरीच वर्षं बाळं नसलेल्या लोकांच्या घरी रोपं दिली; जी चांगली जगली, त्यांच्यापासून पुढची पिढी काढली. जी लोकांनी टाकून दिली, ती गेली. पिढ्यान्‌पिढ्या हेच. आम्हाला वाटलं, आपण चिवट रोपं निवडतोय. निवडली गेली ती माणसाला टाकवत नाहीत अशी."

हेमांगीताईंना शिवणाच्या डब्यात परत गेलेली कात्री आठवली.

"फुलाला बाळाची गरज नाही," ऋजुता हळूच म्हणाली. "पाणी घालणाऱ्या हाताची आहे."

काचेवर बाहेरून कसलासा किडा आपटत होता. पुन्हा पुन्हा.

"मग आता फुलं खुडली तर? पोर आईकडे जाईल?"

"जाईल, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण वास जिथे उरेल, तिथे ती जाईल. पुढचं कोणालाच माहीत नाही. ह्या रोपाशेजारी वाढलेलं सर्वांत मोठं मूल अजून धड बोलतही नाही."

घरी परतताना हेमांगीताईंनी ठरवलं. संक्रांत तोंडावर आली होती. पहिल्या संक्रांतीला रेवा तापानं फणफणली होती, म्हणून तिचं बोरन्हाण राहून गेलं होतं. ते यंदा करायचं. त्या दिवशी फुलं खुडायची, इमारतीतल्या सगळ्या जणी येतीलच, तेव्हा सगळ्यांदेखत गार्गीला सांगायचं. आधी समारंभ पार पडू दे, मग सांगू. एवढी एकच सवलत त्यांनी स्वतःला दिली.

संक्रांतीच्या सकाळी त्यांनी दांडा मुळापासून कापला. फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या खतखड्ड्यात पुरून आल्या. रिठ्यानं आंघोळ केली, साबण लावला नाही. घडी न मोडलेली नवीकोरी साडी नेसल्या आणि स्वयंपाकघरात तिळगुळाच्या ताटांपाशी बसून राहिल्या. बाहेर जायचंच नाही. आजचा दिवस गार्गीचा.

दिवाणखान्यातला गलबला त्यांना ऐकू येत होता. रेवाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातले होते. पाटावर ती गप्प बसली होती म्हणे, रडत नव्हती. हेमांगीताईंनी डोळे मिटून देवाला हात जोडले. भोवती इमारतीतली सगळी मुलं आपापल्या आयांच्या मांडीवर. तेजलही आली होती.

"हं गार्गी, घाल आता!"

चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या रेवाच्या डोक्यावरून सरसर ओघळल्याचा आवाज झाला. आता मुलांची झुंबड उडणार. वेचण्यासाठी धक्काबुक्की, भोकाड, हसणं. ह्या क्षणासाठी तर बोरन्हाण असतं.

झुंबड उडाली नाही.

कोणीतरी म्हणालं, "अगंबाई, वेचा की रे!" मग तेही थांबलं. पसरलेल्या शांततेत फक्त चुरमुरे चुरडल्याचा आवाज आला. कुरकुर, कुरकुर. आणि फरशीवर लहान तळवे टेकल्याचा.

स्वयंपाकघराच्या दारात पहिली आली रेवा. दुडदुडत, हलव्याचा मुकुट एका कानावर घसरलेला. तिच्यामागे कबीर रांगत. त्याच्यामागे बाकीची. कोणी चालत, कोणी रांगत, कोणी पोटावर सरपटत. गोळ्या त्यांच्या गुडघ्यांखालून घरंगळत होत्या आणि एकही मूल त्या उचलत नव्हतं. कोणी रडत नव्हतं. कोणी हसतही नव्हतं.

हेमांगीताई मागे सरकल्या. पाठ ओट्याला लागली.

मुलं आली आणि त्यांच्या पायांशी दाटीनं बसली. एकमेकांना रेटत, जागा करत. नव्या साडीच्या निऱ्यांत, काठात, पायांच्या बोटांत त्यांनी नाकं खुपसली. हवेतल्या मुळांसारखे ते इवले हात वळत वळत येऊन बिलगले. हेमांगीताईंना पाऊल उचलता येईना.

दारात आया उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे गार्गी, हातात रिकामं सूप. ती मुलांकडे बघत नव्हती. ती सासूकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत चालली होती.

"आई," ती म्हणाली. "हे तुम्हाला माहीत होतं?"

हेमांगीताई घाईघाईनं खाली वाकल्या. निदान रेवानं तरी एकदा वर बघावं, हसावं, त्या झेपावण्यातलं थोडं तरी आपलं होतं एवढं कळावं, म्हणून.

"रेवा," त्यांनी हाक मारली. "सोन्या, आजीकडे बघ."

रेवानं साडीचा काठ मुठीत घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. एकाही मुलानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.